एका यादीत चार साचे : इंग्रजी वाक्यातली बिघडलेली समांतर रचना कशी ओळखायची, कशी दुरुस्त करायची

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. एका लॉटमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतलेल्या धातूत वायू अडकून पडलेली भोकं, निघाले, बाहेरच्या कस्टमरनं रिपोर्ट मागितला आणि ‘तुझं इंग्रजी बरं आहे’ म्हणत साहेबांनी तो माझ्या गळ्यात मारला. उपायांच्या रकान्यात मी चार ओळी लिहिल्या:

सँड मॉइश्चर चेक्ड एव्हरी अवर.
टू क्लीन व्हेंट्स बिफोर पोअरिंग.
ऑपरेटर ट्रेनिंग.
वी आर चेंजिंग द कोअर सप्लायर.

स्पेलिंग एकही चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: यातलं काय झालंय आणि काय व्हायचंय? मला प्रश्नच कळेना. सगळं तर लिहिलंय! चहाच्या सुट्टीत पोअरिंगच्या तात्यांना मी त्या ओळी मराठीत वाचून दाखवल्या. तासाला ओल तपासली, व्हेंट साफ करायला, ट्रेनिंग, सप्लायर बदलतोय. तात्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, “ट्रेनिंग काय? दिलंय, का द्यायचंय, का मागायलीस?”

चार ओळी, चार साचे. इंग्रजीत या चुकीला फॉल्टी पॅरेललिझम म्हणतात, म्हणजे बिघडलेली समांतर रचना. शाळेत हा शब्द माझ्या कानावर कधी पडला नाही. बँकेच्या परीक्षेच्या क्लासात पडला, पण ‘स्पॉटिंग एरर’मधला अकरावा की बारावा नियम म्हणून, पाठ करायला. तो का आहे आणि मराठी बोलणाऱ्यांची नेमकी इथेच का घसरण होते, हे मात्र मला स्वतःच्या चुका मोजत शोधावं लागलं. तुम्ही बँकभरतीच्या आयबीपीएसला किंवा केंद्राच्या नोकरभरतीच्या एसएससीला बसत असाल, पुण्याच्या मुलाखतीसाठी सीव्ही करत असाल किंवा माझ्यासारखे रोज चार मेल पाठवत असाल, तर खालच्या पायऱ्यांनी तुमचा थोडा वेळ वाचेल.

इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ही चूक डोळ्याआधी कानाला सापडते. वाचताना ओठ हलू द्या.

आधी जवळ काय घ्यायचं

एक वही, दोन रंगांची पेनं आणि तुम्ही स्वतः लिहिलेलं एखादं पान इंग्रजी: पाठवलेला मेल, अर्ज, सीव्ही, काहीही. परीक्षार्थींनी मागच्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात. शिवाय घरातल्या कुणाचं तरी बालभारतीचं इंग्रजीचं पुस्तक काढून ठेवा. त्याच्या सुरुवातीच्या पानांत संविधानाची उद्देशिका असते, ती सहाव्या पायरीला लागेल. व्याकरणाचं जाडजूड पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. शब्दांच्या जाती आठवत असल्या की पुरे.

नियम एवढाच, की ‘अँड’सारख्या एका जोडणाऱ्या शब्दानं बांधलेले सगळे तुकडे एकाच जातीचे हवेत. पहिलं नाम असेल तर बाकीची नामं, पहिलं ‘टू’वालं क्रियापद असेल तर पुढचीही तशीच.

पायरी १. सांधा शोधा, आधी उजवीकडे बघा

वाक्यातले अँड, ऑर, बट, दॅन यांना गोल करा. जोडीनं येणारेही धरा: बोथ–अँड, आयदर–ऑर, नायदर–नॉर, नॉट ओन्ली–बट ऑल्सो, व्हेदर–ऑर. यातलं एकही वाक्यात नसेल तर बहुतेक वेळा ही चूक तिथे नसतेच. पुढच्या वाक्याकडे चला.

गोल केल्यावर आपण सवयीनं वाक्य पहिल्यापासून वाचायला घेतो. तसं करू नका. सांध्याच्या लगेच उजवीकडचा शब्द बघा आणि मग डावीकडे त्याच्या जोडीचा शोधा.

शी वर्क्स इन अ बँक अँड टीचिंग ॲट नाइट.

उजवीकडे ‘टीचिंग’. डावीकडे त्याच्याशी जुळणारं काय आहे? ‘वर्क्स’. जात वेगळी निघाली. ‘अँड टीचेस ॲट नाइट’ केलं की मिटलं.

पायरी २. यादी उभी मांडा

वाक्य आडवं असताना चूक दडून बसते. सगळ्यांना सामाईक असलेला भाग, म्हणजे खोड, वर लिहा आणि तुकडे एकाखाली एक.

द जॉब नीड्स
— पेशन्स
— अ गुड मेमरी
— टू स्टँड ऑल डे

आता खोड प्रत्येक तुकड्याला लावून वाचा. ‘द जॉब नीड्स पेशन्स’ ठीक. ‘द जॉब नीड्स अ गुड मेमरी’ ठीक. ‘द जॉब नीड्स टू स्टँड ऑल डे’ म्हणजे नोकरीच बिचारी दिवसभर उभी! ‘द एबिलिटी टू स्टँड ऑल डे’ केलं की तिन्ही नामं झाली आणि नोकरी खाली बसली.

याच चाचणीत सापडणारं दुसरं वाक्य सीव्हीत आणि लग्नाच्या बायोडेटात सर्रास दिसतं: ‘ही इज टॉल, पोलाइट अँड हॅज अ ड्रायव्हिंग लायसन्स.’ उभं मांडून बघा. तिसऱ्या ओळीत ‘ही इज हॅज’ येतं. ही यादी तिघांची नाहीच मुळी. ‘इज’खाली दोघे आहेत, ‘हॅज’ वेगळा. म्हणून: ‘ही इज टॉल अँड पोलाइट, अँड हॅज अ ड्रायव्हिंग लायसन्स.’ एका वाक्यात दोनदा ‘अँड’ लिहायला लाजू नका. शाळेत ते खोडून खोडून आपल्या हाताला भलतीच सवय लागलीय.

पायरी ३. ‘णं’चा सापळा ओळखा

माझ्या चुका मी वहीत मोजल्या तेव्हा निम्म्याहून जास्त इथल्या निघाल्या, म्हणून इथे जरा थांबू.

मराठीत आपण म्हणतो: मला वाचणं, स्वयंपाक करणं आणि गड चढणं आवडतं. वाचणं, करणं, चढणं, तिन्हींचं शेपूट एकच. त्यामुळे आपली यादी आपोआप समांतर होते, कष्ट नाहीत. इंग्रजीत मात्र त्या एका ‘णं’ला दोन वाटा फुटतात: ‘टू रीड’ आणि ‘रीडिंग’. आपल्या मनात शब्द एकच असतो, इंग्रजी करताना कधी ही वाट धरतो कधी ती, आणि तयार होतं: ‘आय लाइक रीडिंग, कुकिंग अँड टू क्लाइंब फोर्ट्स.’ लिहिणाऱ्याला खटकत नाही, कारण डोक्यात ‘णं, णं, णं’ असंच वाजत असतं.

‘लाइक’ला दोन्ही वाटा चालतात, फक्त एक धरून शेवटपर्यंत जायचं. पण प्रत्येक क्रियापद इतकं उदार नसतं. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश यांना ‘इंग’च लागतं. वाँट, डिसाइड, होप, रिफ्यूज यांना ‘टू’च. ॲट, फॉर, ऑफ यांसारख्या शब्दांनंतर क्रियापद आलं तर ‘इंग’च. म्हणजे दुरुस्ती कोणत्या दिशेनं करायची हे तुमच्या आवडीवर नाही, खोडावर ठरतं. ‘शी डिसायडेड टू लीव्ह द जॉब अँड स्टार्टिंग अ शॉप’ यात ‘लीव्हिंग’ करून जोडी जुळवाल तर एकाच्या दोन चुका होतील. ‘टू लीव्ह द जॉब अँड स्टार्ट अ शॉप’ हेच बरोबर.

आणि एक खोडा. प्रत्येक ‘टू’ हा ‘णं’वाला ‘टू’ नसतो. ‘आय प्रिफर वॉकिंग टू ड्राइव्ह’ मी कित्येक वर्षं बिनधास्त लिहीत होते. इथला ‘टू’ म्हणजे ‘पेक्षा’. डावीकडे ‘वॉकिंग’ तर उजवीकडे ‘ड्रायव्हिंग’. मेलच्या शेवटी आपण सगळेच ठोकतो त्या ‘लुक फॉरवर्ड टू’चंही तेच. ‘वी लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू अँड डिस्कस द ऑर्डर’ चुकलं. ‘डिस्कसिंग’ हवं. त्या ‘टू’च्या पुढे एखादं नाम ठेवून बघा: ‘लुक फॉरवर्ड टू द मीटिंग’ जमतं, म्हणजे पुढे क्रियापद आलं तर ‘इंग’ लावूनच.

पायरी ४. जोडीच्या शब्दांना ‘च’ आणि ‘ही’ लावून बघा

इथे मात्र मराठी आपल्या बाजूची आहे. ही दोन वाक्यं बोलून बघा:

आम्ही फक्त गूळच नाही तर काकवीही विकतो.
आम्ही गूळ फक्त विकतच नाही तर बनवतोही.

पहिल्यात ‘च’ गुळाला चिकटला आणि ‘ही’ काकवीला. दुसऱ्यात ‘च’ विकण्याला, ‘ही’ बनवण्याला. चौथीतलं पोरही हे चुकत नाही. आता ‘च’ ज्याला चिकटला त्याच्या लगेच आधी ‘नॉट ओन्ली’ ठेवा आणि ‘ही’ ज्याला चिकटला त्याच्या आधी ‘बट ऑल्सो’:

वी सेल नॉट ओन्ली जॅगरी बट ऑल्सो लिक्विड जॅगरी.
वी नॉट ओन्ली सेल जॅगरी बट ऑल्सो मेक इट.

आपण लिहितो ते या दोन्हींचं कडबोळं असतं: ‘वी नॉट ओन्ली सेल जॅगरी बट ऑल्सो लिक्विड जॅगरी.’ पहिला अर्धा क्रियापदावर बसला, दुसरा नामावर. साच्याची वरची पेटी आणि खालची पेटी नीट न बसवता धातू ओतला की कास्टिंगच्या मधोमध पायरी पडते. आमच्याकडे तिला मिसमॅच म्हणतात आणि तो माल सरळ रिजेक्ट होतो. वाक्याच्या मधोमध तीच पायरी पडलीय.

आयदर–ऑर आणि नायदर–नॉरला ‘च’ आणि ‘ही’ची मदत मिळत नाही. आपलं ‘एकतर’ वाक्यात कुठंही बसतं. तिथे अंगठ्याची युक्ती वापरा. जोडीच्या पहिल्या शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंतचं सगळं अंगठ्यानं झाका आणि उरलेलं वाचा. ‘यू कॅन आयदर पे बाय कॅश ऑर बाय कार्ड’ यात ‘आयदर’पासून ‘ऑर’पर्यंत झाकलं तर ‘यू कॅन बाय कार्ड’ उरतं. वाक्य मोडलं. ‘यू कॅन पे आयदर बाय कॅश ऑर बाय कार्ड’ झाकून बघा, ‘यू कॅन पे बाय कार्ड’ उरतं. जमलं.

पायरी ५. तुलनेत ‘च्या’ विसरला का बघा

‘द रेनफॉल इन कोल्हापूर इज हेवियर दॅन सोलापूर.’ पावसाची तुलना आख्ख्या शहराशी झाली. घाईत बोलताना मराठीतही आपण ‘सोलापूरपेक्षा’ म्हणतो आणि खपतं, पण नीट बोलायचं तर ‘सोलापूरच्यापेक्षा’. तो मधला ‘च्या’ म्हणजेच इंग्रजीतला ‘दॅट’: ‘दॅन दॅट इन सोलापूर.’ अनेकवचन असेल तर ‘दोज’. याहून जास्त या पायरीत काही नाही.

पायरी ६. छोटे शब्द: एकदाच, नाहीतर प्रत्येकाला

टू, ऑफ, इन, द हे शब्द यादीत एक तर सुरुवातीला एकदा येतात आणि सगळ्यांना पुरतात, नाहीतर प्रत्येकाच्या आधी येतात. ‘इन पुणे, नाशिक अँड इन मुंबई’ हे अधांतरी राहतं.

आता ते बालभारतीचं पुस्तक उघडा. मला आजवर मिळालेला समांतर रचनेचा सगळ्यात चांगला धडा उद्देशिकेत आहे, आणि शाळेत ती रोज म्हणूनही मला तो दिसला नव्हता. ‘लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप’: पाच नामं आणि ‘ऑफ’ एकदाच. पुढचीच ओळ ‘इक्वालिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी’: दोन नामं आणि दोघांनाही आपापला ‘ऑफ’. दोन्ही पद्धती एकाखाली एक छापलेल्या, आणि कुठेही अर्धवट नाही.

त्याच्या वर बघा. ‘टू कॉन्स्टिट्यूट इंडिया इनटू अ’ इथून सुरू होऊन ‘रिपब्लिक’पर्यंत लांबलचक मजकूर जातो आणि मग ‘अँड टू सिक्युअर’. इथे ‘टू’ पुन्हा का? कारण पहिला ‘टू’ फार मागे राहिला, वाचणाऱ्याच्या हातातून दोरी सुटली असती. यादी लांब असेल तेव्हा छोटा शब्द पुन्हा लिहा. शेवटी ‘अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ह्ज’ अशी तीन साधी क्रियापदं आहेत. आणि १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं ‘सोशलिस्ट’ आणि ‘सेक्युलर’ हे शब्द घातले ते विशेषणांच्या रांगेत, ‘इंटिग्रिटी’ घातला तो ‘युनिटी’शेजारी, नामाला नाम. सत्तावीस वर्षांनी जोडलेले तुकडे, पण सांधा दिसत नाही.

‘दॅट’ची गोष्ट जरा वेगळी, तो गाळला तर अर्थच हलतो. ‘ही सेड दॅट द लॉट वॉज लेट अँड ही वुड कॅन्सल द ऑर्डर.’ ऑर्डर रद्द करीन असं तो म्हणाला, की तो तसं करेल हा तुमचा अंदाज? ‘अँड दॅट ही वुड’ लिहिलं की ते त्याच्याच तोंडचं ठरतं. कस्टमरच्या बाबतीत हा फरक महाग पडू शकतो.

पायरी ७. दुरुस्त करताना हट्टी तुकड्याचं ऐका

यादीत एखादा तुकडा असा असतो की त्याचं रूप बदलता येत नाही. बाकीच्यांना त्याच्याप्रमाणे वाकवा. आणि कुणीच वाकत नसेल तर ती एक यादी नव्हेच. ‘द पॅकेज इन्क्लुड्स ब्रेकफास्ट, अ ट्रिप टू पन्हाळा अँड द गाइड स्पीक्स मराठी’ याला समांतर करत बसू नका. पन्हाळ्यापाशी पूर्णविराम द्या, गाइडला वेगळं वाक्य द्या.

माझ्या रिपोर्टचं असंच झालं. चारही ओळींना एका साच्यात कोंबायला गेले तेव्हा कळलं की तीन कामं झालेली आहेत आणि एक व्हायचंय. मग दोन रकाने केले. झालेल्यांत ‘स्टार्टेड अवरली मॉइश्चर चेक्स’, ‘क्लीन्ड द व्हेंट्स’, ‘ट्रेन्ड द ऑपरेटर्स’. व्हायच्यात ‘चेंज द कोअर सप्लायर’. रिपोर्ट पुन्हा गेला आणि त्यावर प्रश्न आला नाही. सीव्हीतल्या बुलेटनाही हाच साचा लावा. जुन्या नोकरीखालची प्रत्येक ओळ भूतकाळी क्रियापदानं सुरू करा: प्रिपेअर्ड, चेक्ड, ट्रेन्ड. मध्येच ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ घुसलं की ओळ लंगडते.

हमखास फसायच्या जागा

नव्यानं शिकलेला माणूस बरोबर वाक्यंही मोडायला लागतो. मी लागले होते. काळ एकच हवा असा नियम नाही: ‘शी स्टडीड इन कोल्हापूर अँड नाऊ वर्क्स इन पुणे’ निर्दोष आहे. तुकडे सारख्या लांबीचे असण्याचीही गरज नाही. ‘हर हॉबीज आर रीडिंग, ट्रेकिंग अँड म्युझिक’ यातही काही बिघडलेलं नाही, कारण इथले रीडिंग आणि ट्रेकिंग नामाचंच काम करतात.

कॉम्प्युटरच्या भरवशावर राहू नका. माझ्या त्या चार ओळींखाली एकही रेघ उमटली नव्हती. सुटी सुटी प्रत्येक ओळ खपण्यासारखी होती, बिघाड त्यांच्या शेजारात होता.

परीक्षेत वेळ नसतो. आयबीपीएस क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. तिथे वही काढून उभी यादी मांडता येणार नाही. वाक्याचे तुकडे पाडून दिलेले असतात. अँड, ऑर किंवा दॅन ज्या तुकड्यात आहे तो आधी वाचा, उजवीकडचा शब्द धरा, डावीकडे जोडी बघा. जुळली तर ‘नो एरर’कडे पळू नका, कर्ता आणि क्रियापद जुळतंय का तेही बघा. पेपर काढणाऱ्यालाही तुमची युक्ती ठाऊक असते.

हात साफ करायला पाच वाक्यं

यातली दोन बरोबर आहेत. खालची उत्तरं झाकून सोडवा.

१. शी इज गुड ॲट कुकिंग, ड्रॉइंग अँड टू सिंग.
२. द शॉप सेल्स चप्पल्स, बॅग्ज अँड बेल्ट्स.
३. ही नायदर कॉल्ड मी नॉर द ऑफिस.
४. द चप्पल्स इन अवर लेन आर चीपर दॅन द मॉल.
५. शी केम अर्ली, फिनिश्ड द रिपोर्ट अँड इज नाऊ ॲट होम.

पहिल्यात ‘सिंगिंग’. ‘ॲट’नंतर दुसरी वाटच नाही. दुसरं बरोबर. तिसऱ्यात अंगठा ठेवला की ‘ही द ऑफिस’ उरतं, म्हणून ‘ही कॉल्ड नायदर मी नॉर द ऑफिस’. चौथ्यात चपला आणि मॉल यांची तुलना झालीय, ‘दॅन दोज इन द मॉल’ करा. पाचवं बरोबर आहे. केम, फिनिश्ड, इज ही तिन्ही ‘शी’ची क्रियापदं. काळ बदललाय, जात बदललेली नाही.